निबंधाच्या पेपरात पेन कधी उचलायचं?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पहिल्या दिवशी निबंधाचा पेपर असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. राज्यसेवा मुख्य परीक्षेचा साचाही आता वर्णनात्मक झाला आहे आणि तिथेही २५० गुणांचा निबंध आहे. वर्षानुवर्षं पर्याय निवडून गोल काळे करणारी मुलं आता कोऱ्या पानासमोर बसली आहेत. त्यांचे मराठीतले निबंध माझ्याकडे तपासायला येतात, आणि दर आठवड्याला त्यात एकच चूक दिसते.

पेपर हातात पडल्यापासून पाच-सात मिनिटांत लिहायला सुरुवात झालेली असते. पहिलं पान झोकात जातं. तिसऱ्या पानावर मुद्दे संपतात. पाचव्या पानावर लिहिणाऱ्याला उमगतं की आपल्याला खरं तर वेगळंच म्हणायचं होतं. पण तोवर दीड तास उलटलेला असतो, आणि मग उरलेली पानं योजनांच्या नावांनी भरली जातात. ही मुलं आळशी नाहीत. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरून रात्री दहाला उठणारी आहेत. वाचन भरपूर, भाषा बरी. चुकतो तो फक्त क्रम. त्या क्रमाची ही मांडणी.

१. आधी स्वतःचा वेग मोजा

घड्याळ लावून दहा मिनिटं सलग लिहा. विषय असा घ्या की विचार करावा लागणार नाही: तुमचं गाव, तुमची शाळा, काहीही. मग शब्द मोजा आणि दहाने भागा. हा तुमचा मिनिटाचा वेग. त्याच वेळी एका पानावर आपले किती शब्द बसतात तेही मोजून ठेवा. पानावर १३० शब्द बसत असतील तर अकराशे शब्दांचा निबंध साडेआठ पानांचा होतो. परीक्षेत शब्द मोजत बसायचं नसतं. आपलं पान आपल्याला ठाऊक असायला हवं.

आता एक हिशेब करा. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न असतात. दहा प्रश्न दीडशे शब्दांचे, दहा अडीचशेचे. म्हणजे १८० मिनिटांत ४००० शब्द, मिनिटाला बावीसच्या वर, आणि तेही विचाराला एक सेकंद न देता. निबंधात २००० ते २४०० शब्द लिहायचे असतात. मिनिटाला वीस शब्दांचा वेग असेल तर लेखनाला जास्तीत जास्त दोन तास लागतात. उरलेला तास कशासाठी आहे? तो विचारासाठी आहे. सामान्य अध्ययनाच्या पेपरांनी लावलेली घाईची सवय मुलं निबंधात घेऊन येतात आणि हा तास हातचा घालवतात.

*सावध:* वेग वाढवायचा म्हणून अनेक जण अक्षरांवरची रेघ सोडून देतात. त्याने वेळ वाचतो हे खरं. पण रेघ गेली की ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखणं अवघड होतं. ‘भार’ आणि ‘मार’ यांत परीक्षक अडला की तुमचा युक्तिवाद तिथेच तुटला. रेघ सोडायचीच असेल तर चार-सहा महिने आधीपासून तसं लिहा, आणि तुमचं अक्षर ज्याने कधी पाहिलेलं नाही अशा माणसाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या. तो तीनपेक्षा जास्त वेळा अडखळला तर रेघ परत आणा.

२. साठा: वाचलेलं निबंधात उतरेल असं ठेवा

बहुतेकांच्या नोट्स विषयवार असतात: पर्यावरण, स्त्रिया, शिक्षण, तंत्रज्ञान. निबंधाचे विषय मात्र अशा खणांमध्ये येत नाहीत. २०२२ साली जहाज बंदरात सुरक्षित असतं, पण ते त्यासाठी नसतं, अशा आशयाचा विषय आला होता. हा कुठल्या खणातला?

म्हणून एक वेगळी वही करा. तिच्यात माहिती नको, प्रसंग हवेत. प्रत्येक प्रसंगाला एक क्रमांक आणि अर्धं पान: काय घडलं, कुठे, कधी, आणि त्यातून कोणकोणते प्रश्न निघतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. हा एकच प्रसंग पाण्याच्या नियोजनावर चालतो, उसाच्या अर्थकारणावर चालतो, शहर आणि गाव यांच्या नात्यावर चालतो, आणि संकट आल्यावरच हालणाऱ्या व्यवस्थेवरही चालतो. असे तीस प्रसंग खोलवर ठाऊक असलेला विद्यार्थी तीनशे मुद्दे पाठ केलेल्यापेक्षा चांगलं लिहितो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

प्रसंग शक्यतो जवळचे घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, ती गोष्ट मराठी मुलाला जितकी आतून सांगता येते तितकी परदेशातली गोष्ट येत नाही. तुमच्या तालुक्यातली बंद पडलेली सूतगिरणी, आजीने सांगितलेला १९७२चा दुष्काळ, गावातली देवराई, हे सगळं वहीत यायला हवं. फक्त सन आणि नावं खात्री करून लिहा.

आणि ही वही नुसती वाचू नका. इथे दुसरी मोठी चूक होते. रंगीत पेनने खुणा करत पाच वेळा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला ते येतं असा समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा वही मिटा, कोऱ्या कागदावर प्रसंग लिहा, मग वही उघडून ताडा. राहिलेलं लाल पेनने भरा. तोच प्रसंग पुन्हा तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने.

*तपासा:* मित्राला वहीतला कुठलाही आकडा निवडायला सांगा आणि त्या क्रमांकाचा प्रसंग त्याला दोन मिनिटांत तोंडी सांगा. सन किंवा ठिकाण चुकलं तर त्या प्रसंगाचा फेरा पहिल्यापासून सुरू.

३. आठवड्याची घडी

रोज एक निबंध लिहिण्याचा संकल्प दहा दिवस टिकतो. त्यापेक्षा आठवड्याला एकच निबंध लिहा, पण तो पूर्ण लिहा. सोमवार ते गुरुवार रोज वीस मिनिटांत एका जुन्या विषयाचा फक्त आराखडा करायचा. निबंध लिहायचा नाही. शनिवारी सकाळी ९ ते १२, म्हणजे परीक्षेच्याच वेळेला, एक निबंध लिहा. तीन महिने झाले की दोन. रविवारी तोच निबंध स्वतः वाचा आणि त्यातला सर्वांत कमकुवत परिच्छेद पुन्हा लिहा.

पुनर्लेखन कुणी करत नाही. टेस्ट सिरीजची, म्हणजे क्लासच्या सराव परीक्षांची, तपासलेली कॉपी (उत्तरपत्रिका) येते, गुण बघितले जातात, चेहरा पडतो किंवा खुलतो, कॉपी पिशवीत जाते. शिकणं तर कॉपी परत आल्यावर सुरू होतं. लाल शेरा ज्या परिच्छेदावर आहे तो परिच्छेद त्याच दिवशी नव्याने लिहिला नाही, तर टेस्ट सिरीजला भरलेले पैसे फक्त क्रमांक कळण्यासाठी भरले असं होतं.

४. पेपर हातात आल्यावर: निवड (१० मिनिटं)

दोन विभाग, प्रत्येकात चार विषय, प्रत्येक विभागातून एक. आठही विषय वाचा. विभाग ‘अ’मधला आवडता विषय सापडला की लगेच थांबू नका.

निवडताना एकच कसोटी लावा: या विषयावर माझ्याकडे किती माहिती आहे, हे नव्हे, या विषयावर माझं काही म्हणणं आहे का, हे. माहिती भरपूर असलेला विषय फसवा असतो. २०२४ला समाजमाध्यमं, तरुणांमधली मागे पडण्याची भीती, नैराश्य आणि एकटेपणा यांवर विषय होता. ओळखीचा म्हणून त्यावर झडप घालणं सोपं होतं. पण तिथे समाजमाध्यमांचा सबंध इतिहास लिहून ठेवायचा मोहही तितकाच मोठा. उलट गोष्टही खरी. तत्त्वज्ञानाच्या सुरात लिहिलेलं वाक्य भारदस्त वाटतं म्हणून निवडू नका. त्याला तुमच्या वहीतले निदान पाच प्रसंग जोडता येत असतील तरच घ्या.

दोन्ही विषय आत्ताच ठरवा. दुसऱ्याबद्दल जे सुचेल ते मागच्या पानावर चार शब्दांत टिपून ठेवा. पहिला निबंध लिहिताना त्यात भर पडत राहते.

५. विषय मराठीत आणा

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना ही पायरी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक गुण इथेच जातात. केंद्रीय आयोगाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. तुम्ही वाचता एका भाषेत आणि लिहिता दुसऱ्या भाषेत. मधल्या झोक्यात विषयातला एखादा शब्द निसटतो आणि निबंध भलत्याच वाटेला लागतो.

म्हणून विषय स्वतःच्या मराठीत एक ओळ करून लिहा. इंग्रजी आणि हिंदी दोन्ही वाक्यं वाचूनच लिहा, कारण हिंदीतला शब्द मराठीत वेगळ्या अर्थाने वापरात असू शकतो. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. घाईत मराठी डोळा तिथे दंड वाचतो.

मग प्रत्येक वजनदार शब्दाखाली रेघ मारा. २०२३चा एक विषय घ्या. मुलींवर बंधनांचं ओझं असतं, मुलांवर मागण्यांचं, आणि या दोन्ही शिस्ती सारख्याच घातक आहेत, असा त्याचा आशय. माझ्याकडे आलेल्या निबंधांपैकी बहुतेकांनी स्त्री सबलीकरणावर सहा पानं लिहिली होती. मुलगे दीड परिच्छेदात उरकले होते. ‘सारख्याच’ या शब्दाकडे तर कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. खरी खोच तिथेच आहे: दोन्ही घातक आहेत हे कबूल, पण सारख्याच घातक आहेत का? हा प्रश्न विचारल्याशिवाय तो निबंध सुरूच होत नाही.

*तपासा:* विषयातला एकेक शब्द झाकून पाहा. तो शब्द काढला तरी तुमचा आराखडा जसाच्या तसा राहतो का? राहत असेल तर त्या शब्दाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

६. भूमिका: एक वाक्य, पेन उचलण्याआधी

आयोगाच्या अभ्यासक्रमात निबंधाबद्दल मोजक्या ओळी आहेत: विषय सोडू नका, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा, नेमक्या आणि परिणामकारक मांडणीला गुण मिळतील. इतकंच. त्यात ‘सगळ्या बाजू लिहा’ असं कुठेही नाही. तरी मुलांना सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय असे सात-आठ पैलू एका रांगेत लावायला शिकवलं जातं. त्यातून निघतो तो तक्ता, निबंध नव्हे.

पैलू हवेतच, पण ते एका वाक्याला बांधलेले हवेत. ते वाक्य म्हणजे तुमची भूमिका. ते असं हवं की त्याच्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. ‘पर्यावरण आणि विकास यांचा समतोल साधला पाहिजे’ ही भूमिका नाही, कारण समतोल साधू नये असं कुणीच म्हणत नाही.

*सावध:* भूमिकेचं वाक्य दहा मिनिटांत लिहिता आलं नाही तर विषय बदला. आत्ता बदलला तर दहा मिनिटं जातात. चौथ्या पानावर बदलावासा वाटला तर निबंध जातो.

७. आराखडा: एक विषय सोडवून पाहू (निवडीनंतर २० मिनिटं, भूमिकेसकट)

२०२४चा विषय घेऊ. आधी जंगलं येतात, मग संस्कृती, आणि संस्कृतीमागून वाळवंटं, असा त्याचा आशय.

सवयीचा आराखडा मला तोंडपाठ झाला आहे: जंगलांचं महत्त्व, जंगलतोडीची कारणं, परिणाम, हवामान बदल, सरकारी योजना, उपाय, संतवचन, समारोप. यात चुकीचं काही नाही आणि म्हणणंही काही नाही.

आता दुसऱ्या रीतीने. पहिला प्रश्न: ‘मागून येतात’ म्हणजे अपरिहार्यपणे येतात का? प्रत्येक संस्कृतीमागे वाळवंट आलं आहे का? सह्याद्रीतल्या देवराया शतकानुशतकं टिकल्या, तिथे संस्कृती नव्हती का? होती. मग वाळवंट कुणामागे येतं? इथे डोकं चालू लागतं. एक शक्य भूमिका अशी निघते:

*जंगलाबद्दल निर्णय घेणारे आणि जंगलावर जगणारे जिथे वेगळे झाले, त्या संस्कृतीमागे वाळवंट आलं.*

याच्याशी असहमत होता येतं. म्हणजे निबंध उभा राहू शकतो. आता वहीतले प्रसंग या वाक्याभोवती लावा.

देवराई: गावाने स्वतःवर घातलेलं बंधन. निर्णय घेणारे आणि भोगणारे एकच.

इंग्रजांचे वनकायदे, १८६५ आणि १८७८: रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवं होतं. जंगल सरकारचं झालं आणि त्यात राहणारा तिथे परका ठरला. फारकत इथे कायद्यात उतरली.

अरल समुद्र, मध्य आशियातलं मोठं सरोवर: कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं, निर्णय दूरच्या राजधानीत झाला, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. इथे जंगल नाही, पण वाळवंट शब्दशः आलं. विषय पाण्यापर्यंत ताणता येतो हे या प्रसंगाने दिसतं.

वनहक्क कायदा, २००६, आणि मेंढा-लेखा: तुटलेला धागा पुन्हा जोडायचा प्रयत्न.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा खण: विरोधी मुद्दा. पश्चिम घाटाच्या संवर्धनाबद्दल परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ला आला. निर्णयात ग्रामसभांना स्थान द्या असं त्यात होतं. तरीही त्याला स्थानिकांमधून मोठा विरोध झाला. हे तुमच्या भूमिकेच्या थेट विरुद्ध जातं, कारण जंगलाजवळ राहणाऱ्यांनीच नको म्हटलं. मुलं हा मुद्दा टाळतात. मी म्हणेन, हाच घ्या. लोकांना निर्णयात घेतलं म्हणजे काय, अहवाल त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत किती पोहोचला, रस्ता आणि रोजगार मागणाऱ्याला आपण काय सांगणार, हे प्रश्न त्यातून येतात. त्यांना तोंड दिलं की निबंधाला दोन पानं खरी वजनाची मिळतात, आणि भूमिकाही थोडी बदलून पुढे जाते: जंगलाजवळ राहणं पुरेसं नाही, जंगल टिकण्यात आपला फायदा दिसायला हवा.

शेवटच्या खणात राज्यघटना येऊ शकते. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने अनुच्छेद ४८-क आणि ५१-क (छ) आले: एक राज्याला जंगल राखायला सांगतो, दुसरा नागरिकाला. भूमिकेला हे चपखल बसतं, कारण प्रश्नच राखायचं कुणी हा आहे. अनुच्छेद नुसते सजावटीला टाकले असते तर वाया गेले असते.

हे सगळं मागच्या पानावर पंधरा-वीस शब्दांत येतं: देवराई, १८६५/७८, अरल, मेंढा, गाडगीळ–विरोध, ४८-क. क्रमाचे आकडे टाका. शेवटी या कच्च्या कामावर आडवी रेघ मारायला विसरू नका.

*तपासा:* दोन खणांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडत नसेल तर तुमच्याकडे क्रम नाही, यादी आहे. वरच्या आराखड्यात गाडगीळ अहवाल मेंढा-लेखाच्या आधी नेला तर युक्तिवाद मोडतो. मोडायलाच हवा.

८. लेखन (प्रत्येकी ६० मिनिटं)

आता पेन उचला. पेपर सुरू होऊन अर्धा तास झालेला असेल. शेजारचा तिसरं पान उलटत असेल. उलटू दे.

सुरुवात. ‘अनादी काळापासून मानव आणि निसर्ग यांचं नातं अतूट आहे’ हे वाक्य मी इतक्या कॉप्यांवर वाचलं आहे की परीक्षकाची काय अवस्था होत असेल याची कल्पना येते. पहिल्या परिच्छेदात एक प्रसंग घ्या, दिसेल असा. देवराईच्या सीमेवर वाळलेली फांदीसुद्धा न उचलता डोक्यावर मोळी घेऊन बाजूने जाणारी बाई. दुसऱ्या परिच्छेदात विषय, आणि तिसऱ्याच्या आत भूमिका आलीच पाहिजे. रहस्यकथेसारखी ती शेवटपर्यंत राखून ठेवू नका.

परिच्छेद. एका परिच्छेदात एकच मुद्दा, शंभर ते दीडशे शब्द. पहिलं वाक्य मुद्दा सांगतं, मधली वाक्यं प्रसंग सांगतात, शेवटचं वाक्य प्रसंग भूमिकेला बांधतं. हे शेवटचं वाक्य हमखास राहून जातं. मुलं प्रसंग सांगून पुढे जातात आणि परीक्षकाने तो स्वतः जोडून घ्यावा अशी अपेक्षा करतात.

उपशीर्षकं आणि ठिपके सामान्य अध्ययनाच्या उत्तरात चालतात. निबंधात वाक्यांनीच वाट दाखवायची असते. ‘पण’, ‘म्हणूनच’, ‘इथे एक अडचण आहे’ हे शब्द साधे असले तरी निबंध त्यांच्यावरच तोललेला असतो.

भाषा. जड शब्दांनी निबंध भारदस्त होत नाही. ‘सद्यःस्थितीत सदर समस्येच्या निराकरणार्थ’ यापेक्षा ‘आज हा प्रश्न सोडवायचा तर’ हे नेमकं आहे, छोटं आहे आणि लिहायला कमी वेळ घेतं. पारिभाषिक शब्दापुढे कंसात इंग्रजी प्रतिशब्द देण्याची मुभा आयोग देतो, पण फक्त पारिभाषिक शब्दांपुरती. तिचा गैरवापर केला तर गुण कापले जाऊ शकतात. तेव्हा पानात दोन-तीन कंसांच्या पुढे जाऊ नका.

*सावध:* पानाच्या डोक्यावर ‘श्री’ काढायची आपल्याकडे सवय असते. उत्तरपत्रिकेत आत कुठेही नाव, देवाचं नाव, परीक्षकाला विनंती, असं विषयाबाहेरचं काहीही लिहू नका. सरावातही नको, कारण त्या दिवशी हात सवयीनेच चालतो.

*घड्याळ:* दहा मिनिटं निवड, वीस आराखडा, साठ लेखन. पुन्हा वीस आणि साठ. शेवटची दहा वाचायला. म्हणजे ९ला पेपर सुरू झाला तर साडेदहाला पहिला निबंध संपलेला हवा. संपला नसेल तर पुढचे खण गाळा, उरलेला मुद्दा आणि शेवट सहा-सात ओळींत लिहा आणि पान उलटा. पहिला निबंध पूर्ण देखणा आणि दुसरा चार पानांवर अर्धवट, ही कॉपी दोन मध्यम निबंधांपेक्षा नेहमी मागे पडते. दोन्हींना १२५च गुण आहेत.

९. शेवटची दहा मिनिटं

सगळा निबंध वाचू नका, पुरणार नाही. तीन गोष्टी बघा. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य ओळीने वाचा. तेवढ्यावरून युक्तिवाद कळतो का? नावं आणि सन बघा. खात्री नसलेला सन खोडून ‘त्या दशकात’ केलं तरी चालतं, चुकीचा सन मात्र साऱ्या पानावर संशय आणतो. आणि नकार बघा. घाईत ‘नाही’ गळतं आणि वाक्य उलटं होतं. असं दर दहा कॉप्यांत एकदा तरी मला सापडतं.

१०. तपासून घेताना

कॉपी मित्राला देताना ‘कसा झालाय?’ असं विचारू नका. ‘छान’ असं उत्तर येतं. त्याला विषय न सांगता निबंध वाचायला द्या आणि दोन प्रश्न विचारा: विषय काय असेल, आणि माझं म्हणणं काय आहे? पहिलं उत्तर चुकलं तर पाचव्या पायरीवर परत जा. दुसरं चुकलं तर सहाव्या. दोन्ही बरोबर आली आणि तरी वाचताना त्याला कंटाळा आला, तर प्रसंग कमी पडले आहेत, दुसरी पायरी.

हे महिन्यातून दोनदा करा, दर वेळी वेगळ्या माणसाकडून. स्पर्धा परीक्षेशी संबंध नसलेला माणूस यासाठी सर्वांत चांगला. माझ्याकडची एक मुलगी दर रविवारी गावी फोन लावून वडिलांना निबंध वाचून दाखवायची. ते शेतकरी, दहावीपर्यंत शिकलेले. ‘हे परत सांग’ असं ते जिथे म्हणायचे, तिथे ती पेन्सिलीने खूण करून ठेवायची. सोमवारी ती कॉपी माझ्याकडे यायची, आणि मला लाल पेनने ज्या जागा दाखवायच्या असत त्यांतल्या बहुतेकांवर पेन्सिलीची खूण आधीच पडलेली असायची.